न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

(मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर, राष्ट्रीय सभेचे तिसरे अध्यक्ष आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे चरित्र या पाठात थोडक्यात सांगितले आहे. त्यांनी १८९७ साली दिलेला एक निर्णय का महत्त्वाचा ठरला, हे पाठ वाचून तुमच्या लक्षात येईल.)



सावंतवाडी तालुक्यातील इन्सुली हे आमचे गाव. मुंबईहून गोव्याला जाणारा मोठा रस्ता आमच्या गावातून जातो. गोव्याकडून येणारी वाहने इन्सुलीच्या नाक्यावर थांबवून तपासतात. लहानपणी मला वाटायचे, की ज्याची गाडी थांबवली तो माणूस नक्कीच चोरटा माल आणत असणार! एकदा मी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा वडिलांनी मला समजावले, की गाडी थांबवणे ही तपासणी आहे, शिक्षा नव्हे. तपासणीत काही सापडले तर पुढचा प्रश्न. तोपर्यंत तो माणूस तुमच्याआमच्यासारखाच साधा प्रवासी.

वडिलांचे हे बोलणे अगदी साधे होते. पण न्यायाचा एक फार मोठा नियम त्यात होता. आरोप वेगळा आणि गुन्हा वेगळा. आरोप कोणावरही होऊ शकतो. गुन्हा मात्र पुराव्याने सिद्ध व्हावा लागतो. हा नियम बोलायला सोपा आहे, पण पाळायला कठीण आहे. सरकार रागावलेले असेल आणि शहरात भीतीचे वातावरण असेल, तर तो पाळायला न्यायाधीशाला धैर्य लागते. असे धैर्य दाखवणाऱ्या एका न्यायाधीशाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातमधील खंबायतचे. वडील तय्यब अली हे व्यापारी होते. मुंबईत त्यांचा व्यापार चांगला वाढला होता. त्या काळी व्यापाऱ्याचा मुलगा दुकानात बसायचा आणि हिशेब शिकायचा. इंग्रजी शिक्षण घेतले तर मुलगा धर्मापासून दूर जाईल, अशी भीती अनेक मुसलमान कुटुंबांना वाटत असे. तय्यब अलींना तसे वाटले नाही. त्यांनी आपल्या मुलांना शिकण्यासाठी थेट विलायतेला पाठवले.

बद्रुद्दीन यांचे सुरुवातीचे शिक्षण मदरशात झाले. तेथे ते उर्दू, फारसी आणि अरबी शिकले. नंतर ते एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. १८६० साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते इंग्लंडला गेले. त्या वेळी सुएझचा कालवा खुला झालेला नव्हता. प्रवास लांबचा आणि कष्टाचा होता. मित्रांनो, तुमच्याच वयाचा हा मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत शिकू लागला. शाळा संपवून त्याने कायद्याचा अभ्यास सुरू केला. पण मध्येच डोळ्यांच्या आजाराने त्याला गाठले. वाचणे अवघड झाले आणि १८६४ मध्ये त्याला मुंबईला परतावे लागले. दुसरा कोणी असता तर त्याने कदाचित शिक्षण सोडले असते. बद्रुद्दीन पुढच्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले. १८६७ साली ते बॅरिस्टर झाले आणि वर्षाच्या अखेरीस मुंबईला आले.

मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झाले होते. तेथे मोठमोठे दावे इंग्रज बॅरिस्टर चालवत. बद्रुद्दीन हे मुंबईत वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर. येथे एक गोष्ट समजून घ्या. त्या पद्धतीत पक्षकार सरळ बॅरिस्टरकडे जात नसे. तो आधी सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टर निवडत असे. म्हणजे सॉलिसिटरांचा विश्वास बसला नाही, तर बॅरिस्टर कितीही हुशार असला तरी त्याला काम मिळत नसे. बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये शिकून सॉलिसिटर झाले होते. भावाचा आधार मिळाला हे खरे. पण केवळ भावाच्या आधारावर वकिली टिकत नाही. बद्रुद्दीन यांची तयारी पक्की असे आणि बोलणे शांत व मुद्देसूद असे. उलटतपासणीत ते साक्षीदारावर ओरडत नसत. हळूहळू त्यांची गणना मुंबईतील आघाडीच्या बॅरिस्टरांत होऊ लागली.

पैसा आणि नाव मिळाले तरी ते आपल्या घरापुरतेच पाहत बसले नाहीत. १८७३ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून आले. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन हे दोघे बंधू पुढे होते. १८८० मध्ये या संस्थेने शाळा सुरू केली. तुम्ही कधी मुंबईला गेलात, तर बोरीबंदर स्थानकासमोर, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, या शाळेची भव्य इमारत पाहा. मुसलमान मुलांनी आपली भाषा आणि आपला धर्म सांभाळून आधुनिक विद्या शिकावी, ही बद्रुद्दीन यांची तळमळ होती. मुलींच्या शिक्षणाबद्दलही त्यांचे मत तसेच होते. त्यांनी स्वतःच्या मुलींना शिकवले. १९०३ साली मुंबईत मुसलमानांची शिक्षण परिषद भरली, तेव्हा ते तिचे अध्यक्ष होते. पडद्याच्या कडक चालीमुळे मुलींचे शिक्षण अडते, हे त्यांनी तेथे उघडपणे सांगितले. आपल्याच माणसांना न आवडणारी गोष्ट त्यांच्यासमोर उभे राहून सांगणे सोपे नसते.

१८८३ साली इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. हे बिल काय होते? जिल्ह्यातील हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार असावा, असे त्यात म्हटले होते. काळा न्यायाधीश गोऱ्या माणसाचा न्याय कसा करणार, असे म्हणून येथील युरोपियनांनी मोठा गोंधळ केला. त्या वेळी मुंबईत टाऊन हॉलमध्ये सभा झाली. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांनी बिलाची बाजू मांडली. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान असे हे तीन मित्र. या तिघांनी पुढे १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था काढली. त्याच वर्षी मुंबईत राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले. १८८७ मध्ये मद्रासला तिसरे अधिवेशन झाले. त्याचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांना मिळाले. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष होत.

अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांना मात्र मुसलमानांनी काँग्रेसमध्ये जाऊ नये असे वाटे. त्यांचा आणि बद्रुद्दीन यांचा याविषयी पत्रव्यवहार झाला. दोघांची मते जुळली नाहीत, पण दोघांनी एकमेकांचा मान राखला. मतभेद असला तरी माणसाबद्दल आदर ठेवता येतो, हे त्यावरून दिसते. बद्रुद्दीन यांचा हा गुण पुढे न्यायासनावर फार उपयोगी पडला.

१८९५ साली बद्रुद्दीन मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या न्यायालयातील ते पहिले मुसलमान न्यायमूर्ती. दोनच वर्षांनी त्यांच्या परीक्षेची वेळ आली.

१८९७ साल महाराष्ट्राला फार वाईट गेले. दुष्काळ होता आणि त्यातच प्लेग पसरला होता. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सैनिक घरांत शिरून तपासणी करत. लोकांत फार संताप होता. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगचा अधिकारी रँड आणि त्याचा सहकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकार हादरले. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या केसरीत, शिवाजी महाराजांच्या उत्सवासंबंधी मजकूर आला होता. त्या मजकुरावरून सरकारने केसरीचे संपादक लोकमान्य टिळक यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. टिळक हे आपल्या कोकणचे. त्यांचा जन्म रत्नागिरीचा.

टिळकांच्या वतीने जामिनासाठी अर्ज करण्यात आला. येथे जामीन हा शब्द नीट समजून घ्या. हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. उर्दूत जामिन म्हणजे हमी घेणारा माणूस आणि जमानत म्हणजे हमी. मराठीत हमीलाही जामीन म्हणतात, आणि हमी घेणारा माणूस जामीन राहतो असेही म्हणतात. आरोपी खटल्याच्या तारखेला नक्की हजर राहील, अशी हमी न्यायालयाने घ्यायची आणि तोपर्यंत त्याला घरी जाऊ द्यायचे, हा जामिनाचा अर्थ. वकील, अर्ज, फिर्याद, हुकूम, कायदा हे न्यायालयातले शब्दही असेच दोन्ही भाषांत आहेत. पण उर्दूतील मुकदमा मराठीत खटला होतो, हे ध्यानात ठेवा.

मॅजिस्ट्रेटने टिळकांना जामीन दिला नाही. मग अर्ज उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे गेला. त्यांपैकी एक होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. तेथेही जामीन मिळाला नाही. पुढे खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला गेला. सुनावणीला अजून महिनाभर अवकाश होता. तोपर्यंत टिळकांनी तुरुंगातच राहायचे का? ऑगस्टच्या सुरुवातीला हा प्रश्न न्यायमूर्ती तय्यबजी यांच्यापुढे आला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर दिनशा दावर उभे राहिले. सरकारी वकिलाने विरोध केला.

आता तुम्ही स्वतःला त्या खुर्चीवर बसलेले समजा. आरोप राजद्रोहाचा आहे. सरकार संतापलेले आहे. रँडचा खून ताजा आहे आणि खुनी अजून सापडलेला नाही. आधी दोन ठिकाणी जामीन नाकारला गेला आहे. शिवाय आरोपीची राजकीय मते तुमच्या मतांशी जुळणारी नाहीत. तुम्हीही अर्ज नाकारलात, तर कोणी तुम्हांला नावे ठेवणार नाही. तुम्ही काय कराल?

न्यायमूर्ती तय्यबजींनी यांतल्या कोणत्याही गोष्टीकडे पाहिले नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारात घेतला. जामीन दिल्यास हा आरोपी खटल्याला हजर राहील की नाही? टिळक पळून जातील असे मानायला काही कारण नव्हते. मग दुसरी बाजू त्यांनी तपासली. जामीन दिला नाही आणि महिन्याभराने टिळक निर्दोष ठरले, तर काय होईल? एका निर्दोष माणसाने महिनाभर तुरुंग भोगला असे होईल. गेलेला तो महिना कोणतेही न्यायालय त्याला परत देऊ शकणार नाही. शिवाय तुरुंगात राहून आपल्या बचावाची तयारी करणेही कठीण. असा विचार करून त्यांनी जामीन मंजूर केला. टिळकांचा स्वतःचा ५०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी २५,००० रुपयांचे दोन जामीनदार, अशी अट त्यांनी घातली. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. म्हणजे आरोपी हजर राहावा याचीही काळजी त्यांनी पुरेपूर घेतली होती.

त्या महिन्यात टिळकांना खटल्याची तयारी करता आली. त्यांच्या बचावासाठी कलकत्त्याहून बॅरिस्टर आले. ८ सप्टेंबरला खटला सुरू झाला तेव्हा टिळक न्यायालयात हजर होते. न्यायमूर्ती तय्यबजींचा अंदाज खरा ठरला. हा खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. नऊ पंचांच्या ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तर तीन हिंदी पंचांनी निर्दोष. बहुमताने निकाल लागला आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

तुम्ही म्हणाल, शेवटी शिक्षा झालीच, मग जामिनाचा काय उपयोग झाला? मित्रांनो, येथेच नीट विचार करा. जामीन देणाऱ्या न्यायाधीशाने आरोपी निर्दोष आहे असे म्हटलेले नसते. दोषी की निर्दोष, हे ठरायचे असते म्हणून तर खटला असतो. खटला संपण्याआधीच शिक्षा सुरू होऊ नये, एवढेच तो पाहतो. न्यायमूर्ती तय्यबजींनी टिळकांवर मेहेरबानी केली नाही. कायद्याप्रमाणे टिळकांना जे मिळायला हवे होते, ते त्यांनी दिले.

या निर्णयाची किंमत अकरा वर्षांनी आणखी स्पष्ट झाली. जून १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पुन्हा अटक झाली. या वेळी त्यांच्या जामिनासाठी तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. त्यांनी तय्यबजींच्या १८९७ च्या निर्णयाचा आधार घेतला. न्यायासनावर कोण होते, माहीत आहे? तेच दिनशा दावर! ज्यांनी १८९७ मध्ये टिळकांना जामीन मिळवून दिला होता, ते आता न्यायमूर्ती झाले होते. त्यांनी जामीन नाकारला. पुढे खटला त्यांच्याचपुढे चालला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेच्या तुरुंगात जावे लागले. वकील म्हणून न्यायाची बाजू मांडणे आणि न्यायाधीश म्हणून ती सांभाळणे, या दोन गोष्टींत किती अंतर असते ते यावरून कळते.

हे सर्व पाहायला तय्यबजी हयात नव्हते. १९०२ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणून काम केले होते. या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. मुंबईला कायमचे हिंदी मुख्य न्यायाधीश मिळायला मात्र १९४७ साल उजाडावे लागले. ते होते महंमद अली करीम छागला. तय्यबजी १९०६ मध्ये इंग्लंडला गेले असताना ऑगस्ट महिन्यात लंडन येथे त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. त्यांचा देह मुंबईला आणून दफन करण्यात आला.

देश स्वतंत्र झाला. राज्यघटना आली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले, की सामान्यतः आरोपीला जामीन द्यावा, तुरुंगात ठेवणे हा अपवाद असावा. तय्यबजींनी ऐंशी वर्षांपूर्वी ज्या दिशेने विचार केला होता, तीच ही दिशा. तरीही काम पूर्ण झालेले नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कैदी असे होते, की ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. त्यांत जामिनाचे पैसे भरू न शकणारे गरीब लोकही असतात. त्यांच्यासाठी कलकत्त्याहून कोणी बॅरिस्टर येत नाही. म्हणून तय्यबजींची आठवण ही केवळ इतिहासातील गोष्ट नाही.

तुमच्यापैकी काही जण पुढे वकील होतील, कोणी न्यायाधीशही होतील. पण न्याय करण्याची वेळ येण्यासाठी काळा कोट लागत नाही. उद्या वर्गात कोणाचे तरी पेन हरवेल. सगळ्यांची नजर एखाद्या गरीब किंवा खोडकर मुलाकडे वळेल. त्या वेळी सरांच्या आधी तुम्हीच निकाल देऊन मोकळे होऊ नका. पेन सापडेपर्यंत त्याला आपल्या शेजारी बसू द्या.

शब्दार्थ

पक्षकार – खटल्यातील एका बाजूचा माणूस
मुद्देसूद – मुद्द्याला धरून, व्यवस्थित
उलटतपासणी – विरुद्ध बाजूच्या वकिलाने साक्षीदाराला प्रश्न विचारणे
राजद्रोह – सरकारविरुद्ध अप्रीती पसरवण्याचा गुन्हा
जातमुचलका – आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी
जामीनदार – दुसऱ्यासाठी हमी घेणारा माणूस
सक्तमजुरी – तुरुंगात कष्टाचे काम करण्याची शिक्षा
हंगामी – तात्पुरता, थोड्या काळापुरता

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बद्रुद्दीन यांना १८६४ मध्ये मुंबईला का परतावे लागले?
(आ) इल्बर्ट बिलात काय म्हटले होते?
(इ) १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी कोणते बॅरिस्टर उभे राहिले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जामीन म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
(आ) न्यायमूर्ती तय्यबजींनी टिळकांना जामीन देताना कोणत्या गोष्टींचा विचार केला?
(इ) दिनशा दावर यांच्या १८९७ आणि १९०८ मधील भूमिकांत कोणता फरक होता?

३. न्यायालयाशी संबंधित असे पाच शब्द पाठातून शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

४. उपक्रम – तुमच्या तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या एखाद्या वकिलांना शाळेत बोलवा. जामिनाबद्दल त्यांना प्रश्न विचारा आणि मिळालेली माहिती वहीत लिहा.